हलगी कोणी वाजवायची? संगीतशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

शालेय संगीतशिक्षणासंबंधी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एका शाळेत संगीत शिकवते. सातवीतील एक विद्यार्थी बाकावर बोटांनी इतका सफाईदार ठेका धरतो, की मी सहज चौकशी केली, तेव्हा त्याचे आजोबा आणि काका गावाकडे हलगी वाजवतात असे समजले. स्नेहसंमेलनात त्याने हलगी वाजवावी, असे मी सुचवले. त्यावर दोघा पालकांनी ‘चामड्याचे वाद्य शाळेच्या रंगमंचावर कशाला’ अशी हरकत घेतली. मुलाच्या आईनेही ‘आम्ही ते सोडायलाच पुण्याला आलो’ असे म्हणून नकार दिला. परंपरेचा सन्मान व्हावा एवढाच माझा हेतू होता. आता मी काय करावे?
— संगीत शिक्षिका, हडपसर

उत्तर : पालकांची हरकत आणि आईचा नकार यांचा परिणाम एकच झाला असला, तरी त्यांची कारणे एकमेकांच्या विरुद्ध टोकांची आहेत, आणि म्हणून त्यांना उत्तरेही वेगवेगळी द्यावी लागतील.

पालकांचे उत्तर सोपे आहे. आपल्या वर्गातील तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, ढोलकी कातड्यानेच मढवतात, आणि वारीत माउलींच्या पालखीपुढे वाजणारा पखवाजही कातड्याशिवाय बोलत नाही. त्या वाद्यांविषयी कोणाची तक्रार नाही. तेव्हा या हरकतीचा संबंध कातड्याशी फारसा नाही. हलगी पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाच्या हाती राहिली, त्या समाजाशी तो आहे. हे त्या पालकांना सभ्यपणे, पण स्पष्ट शब्दांत आणि मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत सांगितले पाहिजे. मोघम बोलून विषय टाळला, तर पुढच्या वर्षी हीच हरकत पुन्हा येईल.

आईच्या नकाराकडे मात्र आपण फार आदराने पाहावे, अशी माझी विनंती आहे. गावगाड्यात हलगी वाजवणे हे बहुतांशी मातंग समाजाकडे नेमून दिलेले काम होते. लग्नाची वरात असो, जत्रा असो की अंत्ययात्रा, वाजवणारा सर्वांत पुढे चालत असे आणि पंगतीच्या वेळी त्याला सर्वांपासून दूर बसवले जात असे. बोलावणे आले की जावे लागे, आणि मोबदला काय मिळेल हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. जातीने लादलेली आणि अपमान पदरी बांधणारी कामे सोडून द्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या काळापासून सातत्याने सांगितले, आणि असंख्य कुटुंबांनी ती निर्धाराने सोडली. त्या माउलीचे एक वाक्य या सगळ्या इतिहासातून आलेले आहे. शिवाय व्यवहाराचाही विचार करा. मुलगा एकटा हलगी घेऊन रंगमंचावर आला, तर त्याची जात पाच मिनिटांत साऱ्या शाळेला कळणार. टाळ्या त्या संध्याकाळपुरत्या असतात. मधल्या सुट्टीत चिकटलेले टोपणनाव दहावीपर्यंत पुरते.

याचा अर्थ हलगी शाळेत आणूच नये, असा मुळीच नाही. आज अनेक तरुण ती अभिमानाने वाजवतात, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत ती दुमदुमते, आणि तो अभिमानही तितकाच खरा आहे. मात्र सोडणे किंवा धरणे हा निर्णय त्या कुटुंबाचा आहे. तो शिक्षकाने घ्यायचा नाही. आपल्या हाती आहे तो अभ्यासक्रम. एखाद्या जाणत्या हलगीवादकाला काही तासिकांसाठी बोलवा, बाहेरून येणाऱ्या तबलावादकाला किंवा गायकाला शाळा जे मानधन देते तेच त्यालाही द्या, फलकावर त्याचे नाव पूर्ण लिहा, आणि वर्गातील प्रत्येक मुलाला वाद्य हाताळू द्या. त्या मुलाने पुढे बसायचे की मागच्या बाकावर, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

या तासिका करमणुकीच्या होऊ देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. हलगी आधी जाळावर तापवून घ्यावी लागते. कातडे ताणले जाऊन आवाज हवा तसा टणक झाला की नाही, हे वादक मधूनमधून टिचकी मारून पाहतो, आणि एवढे पाहण्यातच मुलांना ध्वनीचा एक सबंध धडा मिळतो. नंतर एका हातातील जाड टिपरूचा घाव आणि दुसऱ्या हातातील बारीक, लवचिक काडीची थरथर हे दोन्ही वेगवेगळे ऐकवा, आणि मग एकत्र. मुलांना ‘धा गे ना ती न क धी ना’ हा आठ मात्रांचा केरवा येत असेल, तर तो तबल्यावर वाजत असताना त्याच लयीत हलगी वाजवायला सांगा, आणि वजन कोणत्या मात्रेवर पडते ते मुलांनी हाताने दाखवावे. ऐकलेले वहीत उतरवून घ्या, आणि तबल्याचे बोल विचारता तसे चाचणीत हेही विचारा. माझ्या मते खरा सन्मान इथे आहे. एखाद्या कलेला वर्षातून एकदा फेटा बांधून रंगमंचावर उभे करायचे आणि उरलेले वर्षभर तिच्याकडे पाहायचेही नाही, याने तिचे स्थान होते तिथेच राहते.

त्याच तासिकांना जोडून इतिहासही सांगता येईल, आणि तो याच शहराचा आहे. महात्मा फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजप्रबोधन भरले, आणि आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख, वामनदादा कर्डक ही नावे मुलांना मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासाला भेटली तर भेटतात. संगीताच्या तासाला सहसा भेटत नाहीत. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणाऱ्यांचे काम काय असते, हे मुलांना प्रत्यक्ष गाऊनच समजेल.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याला तबला शिकायचा असेल, ख्याल गायचा असेल, गिटार वाजवायची असेल, तर तीही वाट तितकीच मोकळी हवी. अमक्या घरातल्या मुलाला हलगी आणि तमक्या घरातल्या मुलाला तंबोरा अशी वाटणी चांगल्या हेतूने केली, तरी ती जुनीच वाटणी होते. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेले श्रीधर तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाले. तशी निवड या मुलालाही करता आली पाहिजे, मग ती कोणत्याही दिशेची असो.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी एका खासगी वर्गात शास्त्रीय गायन शिकते. आम्ही मुस्लिम आहोत. वर्गाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होते आणि बहुतेक बंदिशी कृष्णावर असतात. नातेवाईक म्हणतात, ‘हे आपले संगीत नाही.’ मुलीला मात्र गाणे सोडवत नाही. मी गुरुजींशी बोलावे का?
— एक पालक, कोंढवा

उत्तर : आधी नातेवाइकांसाठी. महाराष्ट्रात ख्याल रुजला तो ज्या गुरूंमुळे, त्यांतील बहुतेक मुसलमान होते. पुण्यात 1911 मध्ये भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन उस्तादांकडे शिकले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम वासुदेवबुवा जोशी यांच्यामार्फत ग्वाल्हेरच्या हस्सू खाँपर्यंत जाते. पुणेकर दर डिसेंबरला ज्यांच्या नावाच्या महोत्सवाला गर्दी करतात, ते सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँचे शिष्य होते; खाँसाहेब स्वतः मिरजेला स्थायिक झाले, आणि तेथील मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन होते. ज्या बंदिशींत ‘सदारंग’ हे नाव येते, ते अठराव्या शतकातील नियामत खाँचे. कृष्णावरच्या बंदिशी मुसलमान उस्तादांनी जीव ओतून गायल्या, आणि पीर-औलियांची स्तुती करणाऱ्या बंदिशी हिंदू गवयांनी गायल्या. हे संगीत आपल्या मुलीचे नाही, असे म्हणायला कोणालाच जागा नाही.

प्रार्थनेचा मुद्दा मात्र वेगळा आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचे कलम 28 सांगते. खासगी वर्गाला ते थेट लागू होईलच असे नाही. पण सुजाण गुरूला कायद्याची आठवण करून देण्याची वेळ सहसा येत नाही. आपण अवश्य बोला. हात जोडायचे की नुसते स्वर लावून बसायचे, हे मुलीवर सोडावे, एवढेच सांगा. आणि जमल्यास हेही सुचवा, की अल्लाचे नाव असलेल्या बंदिशी, शेख महंमदांचे अभंग, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने हेही वर्गातील सर्वच मुलांना शिकवावे. हे केवळ आपल्या मुलीसाठी नाही. शेजारी बसलेल्या मुलांनाही आपल्या संगीताची व्याप्ती कळली पाहिजे.

प्रश्न : माझे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत. मीही वाजवतो, परंतु पदवी नाही. पुण्यातील शाळांत मला शिकवता येईल का?
— ढोलकीवादक, नारायणगाव

उत्तर : कायम शिक्षकाच्या पदासाठी विहित पात्रता लागतेच, हे आधी स्पष्ट सांगणे बरे. परंतु 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळांनी निदेशक म्हणून नेमावे, अशी शिफारस आहे. तिचा उल्लेख करून शाळांना लेखी अर्ज द्या. अर्जासोबत केवळ ‘ढोलकी वाजवतो’ असे न लिहिता आठ-दहा तासिकांचा आराखडा जोडा: वाद्य मढवणे व स्वरात लावणे, केरवा, दादरा आणि धुमाळी, लावणीची साथ, पोवाड्याची साथ. विठाबाई नारायणगावकरांच्या गावचे आपण आहात. फडातील जाणत्या वादकांकडून ऐकलेल्या चाली आताच ध्वनिमुद्रित करून ठेवा, त्या शिकवताना लागतील. पुढे शिकायची इच्छा असल्यास पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी या दोन्ही ठिकाणी प्रवेशाच्या अटी समक्ष विचारून याव्यात. मानधनाचा आकडा आणि तासिकांची संख्या मात्र पहिल्या तासापूर्वीच कागदावर घ्या. ‘मुलांना थोडे दाखवून जा’ असे तोंडी आमंत्रण आले, तर त्याला तोंडी होकार देऊ नका.