रिपोर्टमध्ये ‘क्रॅक नाही’ लिहिण्याआधी

तुझा मेसेज काल रात्री वाचला, गाइडेड वेव्ह टेस्टचा ट्रेस, म्हणजे पाईपमध्ये सोडलेल्या वेव्हच्या परत आलेल्या इकोंचा आलेख, त्याचा फोटोपण दोनदा झूम करून बघितला. क्लायंटला ‘पाईपला क्रॅक नाही’ असं एका ओळीत लिहून हवंय आणि तुला वाटतंय ट्रेस तर बराच स्वच्छ आहे, मग द्यायला काय हरकत. हरकत आहे गं, आणि ती काय आहे ते नीट सांगतो.

तू पाईपभोवती ट्रान्सड्यूसरची, म्हणजे वेव्ह सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या सेन्सरची रिंग बसवतेस, पंपाने हवा भरतेस, ट्रान्सड्यूसर पाईपला घट्ट टेकतात आणि टॉर्शनल वेव्ह सोडलीस की पाईपचा अख्खा घेर किंचित पिळला जातो, तो पीळ सेकंदाला साधारण 3260 मीटर वेगाने दोन्ही बाजूंना पळतो. इन्सुलेशन फक्त रिंगपुरतं काढायचं आणि एका जागेवरून कित्येक मीटर लाईन बघायची, मला आजही याचं अप्रूप वाटतं. पण 30 किलोहर्ट्झला या वेव्हची लांबी जवळपास 11 सेंटीमीटर भरते, त्यामुळे तिला क्रॅक म्हणून काही दिसत नाही, तिला एवढंच कळतं की इथे धातूचा क्रॉस-सेक्शन कमी झालाय.

आता हिशोब कर. तुझी लाईन 6 इंची, शेड्यूल 40, म्हणजे बाहेरचा व्यास 168.3 मिमी, जाडी 7.11 मिमी, धातूचं क्षेत्रफळ साधारण 3600 चौरस मिमी. तू कॉल लेव्हल, म्हणजे ज्याच्या वरचाच इको नोंदवायचा ती मर्यादा, या क्षेत्रफळाच्या 5 टक्के ठेवलीयस म्हणजे 180 चौरस मिमी, म्हणजे अर्ध्या जाडीपर्यंत गेलेला आडवा क्रॅक घेरात 5 सेंटीमीटर पसरेपर्यंत तुझ्या लेव्हलच्या खालीच राहणार. त्यात क्रॅकला पाईपच्या लांबीत रुंदी अशी नसतेच, त्यामुळे तेवढाच धातू खाल्लेल्या गंजाच्या खड्ड्यापेक्षा त्याचा इको बऱ्याचदा लहान येतो.

आणि उभा क्रॅक, लांबीच्या दिशेने गेलेला? तो क्रॉस-सेक्शन जवळजवळ कापतच नाही, वेव्ह त्याच्या शेजारून निघून जाते. प्रेशरच्या पाईपमध्ये हूप स्ट्रेस, म्हणजे घेराच्या दिशेचा ताण, लांबीच्या दिशेच्या स्ट्रेसच्या दुप्पट असतो, म्हणून जमिनीखालच्या गॅस लाईनवरचा स्ट्रेस करोजनचा (ताण आणि गंज मिळून पडणारा) क्रॅक बहुतेक वेळा असाच उभा जातो. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती तोच आपल्या हातून निसटतो, तिथे फेज्ड अ‍ॅरे (बाहेरून अल्ट्रासाउंडने बारीक स्कॅन) नाहीतर ईमॅट पिग (लाईनच्या आतून सरकत अल्ट्रासाउंडने तपासणारं यंत्र), असा दुसरा उपाय शोधावा लागतो.

मी नवीन होतो तेव्हा कोकणातल्या एका प्लांटमध्ये एका इकोवर ‘वेल्ड’ लिहून पुढे गेलो होतो. ट्रेसवरची काळी रेषा, म्हणजे परत आलेली टॉर्शनल, वेल्डसारखीच होती, पण लाल रेषा तिच्या निम्म्याएवढी वर आलेली, मी म्हटलं वेल्डिंग ओबडधोबड असेल. आमच्या सिनियरनी ऐकलं नाही. इन्सुलेशनवरचा पत्रा सोडवला, आत रॉकवूल भिजून चिप्प, वायर ब्रश मारला, पांढरा कोट दिला, योक (चुंबक) ठेवून लोखंडाच्या कणांची काळी शाई ओतली आणि वेल्डच्या कडेला बोटभर लांब केसासारखी काळी रेघ हळूहळू उमटली. ती रेघ उमटताना बघितली ना, तेव्हापासून लाल रेषा सोडून पुढे जाववत नाही. चांगला वेल्ड चारी बाजूंनी सारखा, तो टॉर्शनल परत पाठवतो. एकाच बाजूला काही असेल तर फ्लेक्सुरल, म्हणजे पाईप वाकवणारी वेव्ह, उठते, तीच ती लाल रेषा.

म्हणून रिपोर्टमध्ये असं लिही की रिंगपासून इतक्या मीटरपर्यंत, इतक्या टक्क्यांच्या वर इंडिकेशन मिळालेलं नाही, आणि रिंगजवळचा डेड झोन (जिथे काही दिसतच नाही तो पट्टा), फ्लँजच्या पलीकडचा भाग, दुसऱ्या बेंडनंतरची लाईन यात धरलेली नाही. क्लायंट कुरकुर करेल, करू दे, फोन आला तर मला दे.

आणि तुझ्या फोटोत रिंगच्या दोन दिशांपैकी मायनस बाजूला तिसऱ्या वेल्डला लाल रेषा वर आलीय. ड्रॉइंगवरून नको, टेप घेऊन जा, रिंगपासून वेल्डपर्यंतचं अंतर मोज आणि तिथला पत्रा उघडायची परमिट उद्या सकाळीच टाक.