नाखवाला विचारा : जर्सीत थंडी मासा हलवते, आपल्याकडे पाऊस

प्रश्न : नाखवा, नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. रविवारी सकाळी सारसोळेच्या जेट्टीवर गरवायला बसणं हाच निवृत्तीनंतरचा माझा उद्योग. एप्रिलअखेर आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला जाणार, ते दिवाळीच्या तोंडावर परत. जावई म्हणतात, समुद्र जवळच आहे. तिकडे कुठल्या महिन्यात काय लागतं? परवाना लागतो का? इथली गरी-तंगूस (गळ आणि नायलॉनचा दोरा) घेऊन जाऊ का? बायकोचा प्रश्न वेगळाच आहे : तिकडे पापलेट मिळेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : दादा, बरोब्बर दिवसांत चाललात. माझी लेक त्याच बाजूला असते, त्यामुळे तो किनारा माझ्या पायाखालचा आहे. तिकडच्या लोकांना वाटतं हा म्हातारा नातवंडांसाठी येतो. नातवंडांनाही तसंच वाटतं, वाटू दे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या खाडीत मासा हलतो तो पावसाने. जूनमध्ये उल्हासचं आणि डोंगरांवरचं गोडं पाणी खाली उतरतं, खार कमी होतो, काही मासे बाहेर निघतात, काही आत शिरतात. पाण्याची ऊब मात्र बारा महिने थोडीफारच इकडेतिकडे होते. जर्सीला उलटं. तिथे पाऊस वर्षभर पडतो आणि माशाला त्याचं फारसं काही नसतं. पण किनाऱ्याचं पाणी फेब्रुवारीत तीन-चार अंशांवर येतं आणि ऑगस्टमध्ये तेवीस-चोवीसवर जातं. एवढ्या फरकात कोण एका जागी राहील? काही जाती हिवाळ्यात दक्षिणेला सरकतात, काही खोल पाण्यात जाऊन बसतात, आणि पाणी तापलं की परत किनाऱ्याला लागतात. म्हणून एकाच धक्क्यावर तुम्ही मेमध्ये, जुलैमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये बसलात तर तीन वेगळे बाजार बघाल.

तुम्ही उतराल तेव्हा पट्टेरी बासचा हंगाम भरात असेल. अंगावर सात-आठ काळ्या रेघा, डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ आखलेल्या. हा समुद्रातला मासा अंडी घालायला गोड्या पाण्यात, नदीत चढतो : हडसन, डेलावेअर आणि दक्षिणेला चेसापीक उपसागराच्या नद्या. एडिसनहून गाडीने फार लांब नाही असा रॅरिटन उपसागर आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे बंकर नावाच्या माशाचे थवे शिरतात आणि त्यांच्या मागे हा बास. बंकर म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला, पण चांगला हातभर वाढणारा आणि तेलकट. त्याचा तुकडा गरीला लावून तळाशी सोडायचा. जूनपर्यंत बहुतेक मोठा बास उत्तरेला निघून जातो, तेव्हा पोचल्यावर ‘जेट लॅग जाऊ दे, मग बघू’ असलं काही करू नका.

आता नियम, कारण तिकडे वॉर्डन खरंच येतो आणि खरंच पट्टी लावतो. २०२३पासून समुद्रातला पट्टेरी बास ठेवायचा तर तो २८ ते ३१ इंचांच्या मध्येच हवा, आणि माणशी दिवसाला एकच. लहान असला तर सोडा, हे आपल्यालाही कळतं. पण मोठा असला तरी सोडा, हे ऐकून आपला माणूस गार पडतो. कारण साधं आहे : मोठे बास जवळपास सगळ्या माद्या असतात आणि मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त. आमिष लावून बास धरायचा तर गोल गरीच वापरावी लागते. तिचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. ती सहसा घशात रुतत नाही, जबड्याच्या कोपऱ्यात अडकते आणि सोडलेला मासा बहुतेकदा जगतो. तिच्यावर झटका मारायचा नसतो. तंगूस ताणलं की शांतपणे रीळ फिरवत राहायचं. सारसोळेला मारतो तसा हिसका द्याल तर गरी रिकामी बाहेर येईल.

जून ते ऑगस्ट हा फ्लूकचा काळ. चपटा मासा, आपल्या भाकशीसारखा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला. हिवाळाभर खोल पाण्यात असतो, मेच्या सुमारास उपसागरांत शिरतो, सप्टेंबरात परत निघतो. वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवतो. माकळीची वीतभर पट्टी शिशाबरोबर तळावरून हळूहळू ओढत आणायची. त्याचा घास हिसक्यासारखा लागत नाही, नुसतं वजन वाढतं, जणू ओली गोणी अडकली. त्या वजनाला घाई करू नका, दोन श्वास थांबून मग रॉड उचला. किमान आकाराचा नियम इथेही आहे आणि तो जवळजवळ दरवर्षी बदलतो, म्हणून राज्याच्या मत्स्य विभागाचं त्या वर्षाचं पत्रक मुलीकडून छापून घ्या आणि पट्टी खिशात ठेवा. दहातले आठ फ्लूक एका बोटाने कमी भरतात, हे माझं मत समजा.

नातवंडं बरोबर असतील तर ऑगस्टमध्ये धक्क्यावर बसा. ब्लूफिशची पिल्लं झुंडीने येतात आणि बारीक गरीला काहीही लावा, घेतात. मोठा ब्लूफिश मात्र पोरांच्या हाती देऊ नका, दात करवतीचे आहेत. त्याचं मांस बांगड्यासारखं काळपट, तेलकट. पकडल्या पकडल्या कल्ला कापून रक्त काढून बर्फात घातला तर आगरी मसाल्यात उत्तम लागतो. तसाच बादलीत ठेवला तर संध्याकाळी मांजरालाही देऊ नये.

पुळणीवर गरवणार असाल तर आमिष विकत घेऊच नका. लाट मागे सरली की ओल्या वाळूवर छोट्या छोट्या इंग्रजी व्ही आकाराच्या खुणा दिसतात. तिथे बोटं खुपसून मूठभर वाळू उचला. करड्या रंगाचे, अंगठ्याच्या पेराएवढे खेकडे तळहातावर उलटे घुसायला बघतात, गुदगुल्या होतात. पट्टेरी बास आणि तिकडचा किंगफिश दोघंही त्यावर तुटून पडतात.

आणि मग सप्टेंबर. तो महिना मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता, कारण तेव्हा तुम्हाला बोईट भेटेल. हो, आपलंच. आपल्या खाडीत येतं त्याच वंशाचं. पाणी गार व्हायला लागलं, ईशान्येचा वारा सुटला, की उपसागरांत वाढलेली बोईटं खाडीच्या मुखातून बाहेर पडतात आणि किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला निघतात. लाट उभी राहिली की तिच्या पोटात थवा दिसतो, काचेतून बघावा तसा. मागे ब्लूफिश आणि उत्तरेहून परतणारा बास, वर पक्षी. बासची शरदातली खरी गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. तिचा शेवट तुमच्या हाती लागणार नाही, तिकीट पुढे ढकलता येतं का बघा.

उरलेलं झटपट. न्यू जर्सीत सोळा वर्षांवरच्या माणसाला खाऱ्या पाण्यात गरवण्यासाठी नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, ऑनलाइन होते आणि दर वर्षी नव्याने करायची असते. शेजारच्या डेलावेअरला किंवा मेरीलँडला गेलात तर तिथला विकतचा परवाना वेगळा. इथून सामान नेऊ नका, तिकडे गोल गऱ्या लागतील आणि त्या तिकडेच चांगल्या मिळतात. लाटांना तोंड देणाऱ्या दगडी बांधावर चढणार असाल तर बुटांना लावायचे खिळ्यांचे तळ घ्या. शेवाळ आहे, आणि आपली वयं बघा.

भरतीचं गणितही इथेच ठेवून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आगेमागे, हे मुंबईचं गणित आहे. जर्सीच्या मोकळ्या किनाऱ्यावर पुनवेची भरती सकाळ-संध्याकाळ सात-आठच्या सुमारास लागते, आणि आतल्या उपसागरांत त्याहून उशिरा. पाणीही दीडएक मीटरच चढतं. आपल्या उधाणाच्या साडेचार मीटरची सवय झालेल्याला तिकडचा समुद्र आळशी वाटतो.

वहिनींना सांगा, पापलेट तिथल्या गरीला लागणार नाही. त्याच्याच कुळातला बटरफिश नावाचा तळहाताएवढा मासा चिनी दुकानांत मिळतो. काटे जरा जास्त, पण रवा लावून तळला की तक्रार राहत नाही. रश्श्याला पट्टेरी बास घ्या, जिताड्याची आठवण भागते.

प्रश्न : काका, मी कोलशेतला राहतो, वय २४. लाटांत उभं राहून बास पकडणाऱ्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून तसाच दहा फुटी रॉड आणि प्लॅस्टिकचे मासे घेतले. आता गायमुखपासून ऐरोलीपर्यंत सगळीकडे फेकून झालं. लागतो तो फक्त शिंगाळा, तोही कोळंबी लावली तर. जिताडा कधी लागतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाळा, दहा फुटी रॉड लाटांपलीकडे फेकायला असतो. आपल्या खाडीत लाट कुठली? मासा तुझ्या पायाशी असतो आणि तू पल्याडच्या काठावर फेकतोस. सात फुटी घे.

जिताडा हा त्या पट्टेरी बासच्या बरोबर उलट चालीचा मासा. बास अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. जिताडा गोड्या, मचूळ पाण्यात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्यात उतरतो. पिल्लं भरतीबरोबर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत शिरतात. म्हणून पावसाआधीचे उकाड्याचे दिवस आणि पाऊस ओसरल्यावरचे दिवस बघ. भर पावसात पाणी इतकं गढूळ असतं की तुझा प्लॅस्टिकचा मासा त्याला दिसतच नाही, तिथे वासावर घास शोधणारा शिंगाळाच जिंकतो.

जागा सांगतो. जुन्या खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं तोंड शोध. सुकती, म्हणजे ओहोटी लागली की खाजणातलं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं आणि त्याबरोबर कोळंबी, बारकी बोईटं. जिताडा प्रवाहाच्या कडेला, संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला पळायचं नसतं, घास समोर यायला हवा असतो. सुकतीचा पहिला तास-दीड तास, जिवंत कोळंबी शेपटीच्या बाजूने टोचलेली, शिसं अगदी हलकं. अष्टमीच्या भांगापेक्षा, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांपेक्षा, उधाणाच्या आसपासचे दिवस बरे, पण ऐन पुनवेला ओढ एवढी असते की शिसं टिकत नाही. घास लागला की ‘टप’ असा आवाज येतो, तो एकदा ऐकलास की सांगावं लागणार नाही. त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नकोस.

आणि मोठा लागला तर? जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोतला तो अवाढव्य मासा बहुतेक वेळा मादीच. आपल्या राज्याने २०२३मध्ये ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर. पण वरची मर्यादा आपल्याकडे कुणी घालत नाही, आणि घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. यावर कोळीवाड्यात माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. त्यांचंही खोटं नाही, एका मोठ्या जिताड्यात घरचा महिन्याचा किराणा येतो. तू मात्र हौसेने गरवतोस, तुझा किराणा अडलेला नाही. फोटो काढ, पाण्यात धर, शेपूट हलली की सोड.

बसायला जागा हवी म्हणून तिवरं तोडू नकोस आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या बाजूला जाऊ नकोस. तंगूसाचे तुकडे घरी घेऊन जा, पक्ष्यांच्या पायाला गुंडाळलेलं बघवत नाही.

प्रश्न : नाखवा, माझी बहीण मेरीलँडला असते. तिने लाल मसाल्यात वाफवलेल्या खेकड्यांचा फोटो पाठवला. या चिंबोऱ्या का? मी मेमध्ये जाणार आहे. लाखेच्या (पोटात अंडी असलेल्या) मिळतील का, आणि आपला रस्सा होईल का?
— एक वाचिका, खारघर

उत्तर : ताई, चिंबोरीच्याच कुळातला निळा खेकडा आहे. मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात ते बघा, दोघांचेही तसेच. वाफवल्यावर लाल होतो, जिवंतपणी नांगे निळे. मादीच्या नांग्यांची टोकं लाल असतात. नर-मादी पोटावरून ओळखायची रीत आपलीच. तिकडे पोरांना शिकवतात की नराच्या पोटावर वॉशिंग्टनचा मनोरा असतो आणि मादीच्या पोटावर संसदेचा घुमट.

लाखेचं विचाराल तर मेरीलँडमध्ये हौशी माणसाला मादी ठेवताच येत नाही. बहिणीच्या नवऱ्याने दोरीला कोंबडीचा पाय बांधून धक्क्यावरून खेकडे धरले तर मादी पाण्यात परत गेली पाहिजे. बाजारातून विकत घेता येते. आपली चिंबोरी बारा महिने बिळातून बाहेर येते, हे खेकडे हिवाळाभर चिखलात पुरून बसतात आणि पाणी तापल्यावर उठतात. मेमध्ये तुम्हाला वेगळीच गंमत मिळेल. त्या महिन्यातल्या पहिल्या पुनवेच्या सुमारास खेकडे कवच टाकायला लागतात, असं तिकडचे जुने मच्छीमार मानतात. कवच टाकलेला मऊ खेकडा आपण पोकळ म्हणून बाजूला सारतो. ते लोक तो पिठात घोळवून कवचासकट तळतात. खाऊन बघा, मग नावं ठेवा.

रस्सा होतो. बारके पाय नेहमीसारखे ठेचून गाळून घ्या, पण याचं कवच चिंबोरीपेक्षा पातळ आणि मांस नाजूक. वाटण आधी पूर्ण शिजवून घ्या, खेकडे शेवटी टाका आणि दहा-बारा मिनिटांत गॅस बंद करा. कोकम नसेल तर चिंच चालेल, लिंबू नको.