नोकरी सोडून अभिनयात यायचं का?

ऐरोलीतली नोकरी सोडून पूर्णवेळ अभिनय करू का, आणि नाटकात वेळ न घालवता थेट मालिकेत शिरता येईल का, असं तू विचारलंयस. मी २२ वर्षं दोन्हीकडे काम करतोय, राहतो ठाण्यातच.

नोकरी आत्ता सोडू नकोस. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. तोवर नाटक चालूच होतं. मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात, हातात पडतात साधारण ९० दिवसांनी. माझा पहिला ट्रॅक, म्हणजे मालिकेतला माझ्या पात्राच्या कथेचा भाग, महिन्यात संपला. चेक आला तोवर घरभाडं थकलं होतं आणि बाबांकडे हात पसरावा लागला. नाटकाची नाईट, म्हणजे मानधन, प्रयोगामागे मिळते, पण प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी. वर्षभराचा खर्च बाजूला पडला की मग बघ.

नाटकात वेळ जातो, हे मात्र मला अजिबात पटत नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला माझा पहिला व्यावसायिक प्रयोग होता. माझं एकच वाक्य, 'अण्णा, पत्र आलंय', आणि ते हशात बुडालं. मध्यंतरात एका ज्येष्ठ अभिनेत्रीने विंगेत बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हशा उतरायला लागला की वाक्य टाक. पूर्ण थांबू देऊ नकोस, प्रसंग पडतो." ते अंगात मुरायला पंधराएक प्रयोग गेले. समोर माणसं असल्याशिवाय हे शिकता येत नाही.

कॅमेऱ्यापुढे उलट अडचण. घोडबंदर रोडच्या सेटवर मी बाल्कनीपर्यंत पोचणारा आवाज लावला, तर साउंडवाल्याने कानावरचे हेडफोनच काढले. पुढे क्लोजमध्ये, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, नुसता चहाचा कप खाली ठेवायचा होता. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, तो डाव्या हाताने, 'बरं' म्हटल्यावर ठेवला होता; क्लोजमध्ये उजव्या हाताने, आधीच ठेवला. दोन्ही शॉट जुळावे लागतात, म्हणून सहा टेक झाले. तेव्हापासून वाक्यासोबत हातही पाठ करतो.

ऑडिशन देत राहा, पण भूमिकेसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभा राहू नकोस. पैसे भरून काम मिळत नसतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा एखादा संघ गाठ. संवाद नसले, सेट लावायला घेतलं, तरी जा. तालमी बहुधा संध्याकाळी असतात, आणि ऐरोलीहून ठाणं ट्रान्स-हार्बर लोकलने जवळच आहे. आमची तालीम बघायची असेल तर निरोप टाक. येताना वही-पेन्सिल आण, पहिले आठ दिवस प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की वाक्य सुचवायला, बसवेन.