खोबऱ्याच्या वाटीत बुरशी

प्रश्न : कांदा-लसूण चटणीसाठी लक्ष्मीपुरीतून दोन किलो सुकं खोबरं आणलं. काही वाट्यांना आतून हिरवट-काळी बुरशी आहे. खरवडून, भाजून वापरलं तर चालेल?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अजिबात नाही. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल जातात, आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन (काही बुरशी तयार करतात ते विष) असेल तर ते भाजण्याने पुरतं जात नाही. त्या वाट्या लगेच टाकू नका, वेगळ्या बांधून बिलासह दुकानात न्या. बहुतेक दुकानदार बदलून देतात. नाहीच ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. उरलेल्या मोडून बघा. कटकन तुटल्या, आत पांढऱ्या असल्या तर ठेवा. वाकल्या तर ओल राहिलीय, आधी कडक उन्हात वाळवा. खवट वास मात्र बुरशीचा नव्हे, तेल जुनं झाल्याचा. चटणीची चव तोही घालवतोच.