मुलगा उपासनेला येत नाही. वडीलपद स्वीकारावे का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून लहानपणापासून आमच्या गावच्या मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे. यंदा मंडळीच्या वडीलपदासाठी (वडील म्हणजे मंडळीची देखरेख करणारा ‘एल्डर’) माझे नाव सुचविले गेले असून पाळकसाहेबांचाही (पास्टरांचाही) आग्रह आहे. परंतु पुण्यात नोकरी करणारा माझा थोरला मुलगा काही वर्षांपासून उपासनेला जात नाही. त्याचे वागणे चांगले आहे. मात्र विश्वासाचा विषय तो टाळतो. वडिलाने आपले घर चांगले चालवावे व मुलांना स्वाधीन ठेवावे, हे वचन वाचून मी अस्वस्थ होतो. नकार द्यावा का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सप्रेम सलाम. ज्या वचनापाशी (१ तीमथ्य ३:४-५) आपण थबकलात, ते प्रेषित पौलाने लगेच पुढे दिलेल्या कारणासह वाचावे. ज्याला स्वतःचे घर सांभाळता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, असे तो विचारतो. म्हणजे येथे पारख बापाच्या वागणुकीची आहे. तीत १:६ मधील अपेक्षा अधिक कडक आहे आणि तिच्या आधारे काही मंडळ्या ज्याचे एकही मूल विश्वासाबाहेर आहे त्याला निवडत नाहीत. त्या मताचा आदर राखूनही मला ते पटत नाही. कारण तारण हे देवाचे दान आहे असे इफिसकरांना लिहिणारा प्रेषित, ते दान प्रौढ मुलाच्या पदरात पाडण्याची जबाबदारी बापावर टाकील, असे वाटत नाही.

जुन्या करारातील एली याजकाचे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे केले जाते. परंतु एलीचे मुलगे शिलो येथे याजक होते, लोकांची अर्पणे बळजबरीने घेत होते, आणि त्यांना आवरण्याचा अधिकार हाती असूनही एलीने तोंडी समज देण्यापलीकडे काही केले नाही. शमुवेल संदेष्ट्याच्या मुलांना तर न्यायाधीश त्यानेच नेमले आणि ते लाच घेऊ लागले. आपल्या मुलाकडे पद नाही, त्याने कोणाला नाडलेलेही नाही. तो आपल्याशी मोकळेपणाने बोलतो का, घरी आनंदाने येतो का, हे मी आधी विचारीन. मंडळीतले काही पाहून तो दुरावला असेल, तर तेही ऐकून घ्यावे. आपल्याकडील काही निवडणुकांत ग्रामपंचायतीसारखे गट पडतात, हे तरुणांच्या नजरेतून सुटत नाही.

पाळकसाहेबांच्या आग्रहाबद्दल मात्र सावध राहावे. ही सेवा भाग पडते म्हणून नव्हे तर स्वेच्छेने करावी, आणि कळपावर सत्ता गाजवू नये, असे पेत्र वडिलांना बजावतो (१ पेत्र ५:२-३). केवळ भिडेपोटी होकार देणार असाल, तर नकार द्यावा. कामाचे स्वरूपही पाहावे : याकोब ५:१४ नुसार आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे व त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, अशी अपेक्षा आहे. पुढच्या बाकावर बसण्यापेक्षा घरोघरी जाणे, रुसलेल्या दोन कुटुंबांना एकत्र बसविणे आणि दानाचा हिशेब चोख ठेवणे, यांतच या सेवेचा बहुतेक वेळ जातो.

वडिलांची व्यवस्था सर्वत्र सारखी नाही. प्रेसबिटेरियन परंपरेत निवडलेल्या वडिलांना दीक्षा देऊन ते पाळकासह मंडळीचा कारभार पाहतात. सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून नागपूर येथे १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्थानिक कारभार पास्टरेट कमिटीकडे असतो. म्हणून आपल्या मंडळीची घटना आधी वाचावी.

होकार द्यायचा ठरल्यास मुलाची गोष्ट निवडीपूर्वीच पाळक व विद्यमान वडील यांच्या कानावर घालावी, म्हणजे पुढे कोणी ती आरोपासारखी उकरून काढणार नाही. मुलालाही आपणच आधी सांगावे; मात्र आपल्या पदाची शोभा राखण्यासाठी त्याने रविवारी येऊन बसावे, असे कधीही सुचवू नये. आणि पत्नीचे मत अवश्य घ्यावे, कारण वडिलाच्या दारी माणसे अवेळी येतात आणि त्यांचा चहा बहुधा तिलाच करावा लागतो.