बेसबॉलमध्ये माझा फास्टबॉल (पूर्ण जोराने टाकलेला चेंडू) फारसा जलद नाही. तरी चेंजअप (फास्टबॉलसारखाच टाकलेला, पण हळू येणारा चेंडू) शिकून उपयोग होईल का, आणि तो किती दिवसांत येतो?

उपयोग नक्की होईल. बेताचा वेग असलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, तर चेंजअपची गरज अधिकच असते.

कोल्हापुरात मी महाविद्यालयाच्या संघाकडून पिचिंग करत असे, तेव्हा आमचे प्रशिक्षक चेंजअपला भित्र्याचा चेंडू म्हणत. एका अटीतटीच्या सामन्यात, शेवटच्या डावात दोघे बाद आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना, मी कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणेवरून चेंजअप टाकला आणि बॅटरने तो लेफ्ट फिल्डरच्या डोक्यावरून मारला. सामना गेला, सर्वांसमोर मला बोलणी बसली आणि तो चेंडू टाकण्यास मनाई झाली.

तो चेंडू मारला गेल्याचे खरे कारण दोन महिन्यांनी गांधी मैदानावर पहाटेच्या सरावात कळले. कॅचर मित्र म्हणाला, "तुझा खांदा आधीच सैल पडतो, मला इथं बसूनसुद्धा कळतंय." चेंडू हळू जावा म्हणून मी हातच हळू आणत होतो. वास्तविक हात फास्टबॉलच्याच जोराने यायला हवा; वेग पकडीने कमी होतो. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे चेंडूच्या बाजूला ठेवून, उरलेल्या बोटांत तो तळहाताकडे खोल धरला, की बोटांच्या टोकांचा रेटा त्याला पूर्ण मिळत नाही. ताशी ११० किलोमीटरच्या फास्टबॉलनंतर त्याच हातातून ९५ चा चेंडू आला, तर पिचरपासून बॅटरपर्यंतच्या १८.४४ मीटरच्या अंतरात जवळजवळ एक दशांश सेकंदाचा फरक पडतो आणि बॅट आधीच फिरून जाते. यात भित्रेपणा कुठे आला? खांद्याच्या दुखापतीने वेग घटलेल्या ट्रेव्हर हॉफमन या अमेरिकी पिचरने मुख्यतः याच चेंडूच्या बळावर ६०१ सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवून सामना जिंकून देणे) मिळवले आणि २०१८ मध्ये त्याला बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

मला हा चेंडू हाती बसायला आठ-नऊ महिने लागले. तुमचे मी सांगू शकत नाही. मात्र फास्टबॉल हव्या त्या जागी पडत नसेल, तर आधी तो सुधारा, कारण बॅटरला फास्टबॉलचा धाक नसेल तर चेंजअप फसवणार कोणाला?

मार बसला म्हणून कोणी चेंडू बंद करायला सांगितले, तर लगेच ऐकू नका. दोन्ही चेंडू टाकताना बाजूने मोबाइलवर चित्रण करून घ्या आणि खांदा, कोपर सारखेच फिरतात का ते प्रशिक्षकांना दाखवा. माझ्याजवळ त्या दिवसाचे असे चित्रण असते, तर मीही ते आमच्या प्रशिक्षकांपुढे ठेवले असते.