टॉपमध्ये ३९० टक्के, सिस्टीम मॉनिटरमध्ये ४९: प्रोसेसर बदलावा का?

तुम्ही विचारलंय की आठ थ्रेडच्या (म्हणजे एका वेळी आठ कामं चालवू शकणाऱ्या) लिनक्स लॅपटॉपवर व्हिडिओ कन्व्हर्ट करताना टॉप या कमांडमध्ये एफएफएमपेगसमोर (व्हिडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम) ३९० टक्के दिसतात, सिस्टीम मॉनिटर मात्र एकूण वापर ४९ टक्केच दाखवतो. खरं कोणतं, आणि प्रोसेसर कमी पडतोय का?

दोन्ही खरे. टॉप एका थ्रेडला १०० धरतो, म्हणजे तुमच्याकडे कमाल ८००. ३९० ला आठने भागा. टॉप चालू असताना शिफ्ट धरून आय दाबलंत की तो स्वतःच भागून दाखवतो.

पण "प्रोसेसर कमी पडतोय का" वाचलं आणि राहवलं नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सर्व्हर सांभाळायचो. एकदा डिस्पॅचची एन्ट्री सेव्हच होईना. गेटवर ट्रक भरून उभे, चलन निघत नाही, ड्रायव्हर ऑफिसच्या खिडकीशी येऊन ओरडतायत. सॉफ्टवेअरवाल्यांचा इंजिनिअर पुण्याहून आला, अपटाइम ही कमांड टाइप केली, लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) २२ बघितला आणि मालकांना म्हणाला, "चार कोअरची मशीन आहे, पाचपट लोड चाललाय. नवा सर्व्हर घ्यावा लागेल."

लोड ॲव्हरेज म्हणजे प्रोसेसरचा वापर नव्हे. लिनक्समध्ये १९९३ पासून त्या आकड्यात डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत अडकलेल्या, डी स्टेटमधल्या प्रोसेसही मोजल्या जातात. अशा अडकलेल्या प्रोसेस प्रोसेसरला हातही लावत नसतात.

मी त्याच्यासमोर व्हीएमस्टॅट, म्हणजे मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारी कमांड, एक-एक सेकंदाने लावलं. आयडल, म्हणजे प्रोसेसर रिकामा बसल्याचे टक्के, ९६, ९७, ९६. मग पीएस, म्हणजे प्रोसेसची यादी. बॅकअपसाठी फाइल कॉपी करणाऱ्या आरसिंकच्या ओळींची रांग, प्रत्येकीच्या स्टॅट कॉलममध्ये डी. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन दर दहा मिनिटांनी नवा बॅकअप सोडत होता, तो नॅसपाशी (नेटवर्कवरच्या स्टोरेजपाशी) जाऊन अडकत होता आणि लोड एकेकाने चढत होता. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कर्नलच्या नोंदींत, तर स्वच्छ लिहिलेलं, 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. चलनाची पीडीएफ त्याच नॅसवर जायची, म्हणून एन्ट्री लटकलेली. मालकांना म्हटलं, कारखान्याचा वजनकाटा बंद पडला आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली, तर गाळप क्षमता वाढवता का? इंजिनिअरचं उत्तर, "आयडलचा आकडा धरायचा नसतो."

संध्याकाळी मी नॅसची पॅच कॉर्ड बदलली. अडकलेल्या प्रोसेस आपोआप सुटल्या, सर्व्हर रीस्टार्टही करावा लागला नाही. लोडचा एका मिनिटाचा आकडा आधी उतरला, मग पाचचा, मग पंधराचा. तरी मालक म्हणाले, "साहेब पुण्यासनं येऊन सांगत्यात, घिऊन टाकू." नव्या सर्व्हरमुळे काम सुरळीत झालं असं त्या इंजिनिअरच्या रिपोर्टात लिहिलंय. ते खोटं आहे, आणि आजही मी ते त्याच्या तोंडावर सांगेन.

त्यामुळे कुणी नवी मशीन घ्या म्हणालं की त्याला आधी व्हीएमस्टॅट लावायला सांगा. पहिली ओळ सोडून द्यायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आर कॉलम (प्रोसेसरवर चालू किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रोसेस) सतत थ्रेडच्या संख्येच्या वर आणि आयडल शून्याजवळ असेल, तरच प्रोसेसर कमी पडतोय. बी कॉलम (वाट बघत अडकलेल्या प्रोसेस) फुगलेला असेल तर डिस्क आणि नेटवर्क तपासा. पीएसमधला टक्का तर पुरावा म्हणून कुणी पुढे करूच नये, तो प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा हिशोब आहे, आत्ताचा नव्हे.

हे सगळं स्वतःच्या मशीनसाठी. भाड्याच्या व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनवर) व्हीएमस्टॅटचा एसटी कॉलमही बघा, तो चढत असेल तर तुमच्या वाटणीचा वेळ शेजारच्या व्हर्च्युअल मशीन खातायत.

आणि तुमच्या ४९ टक्क्यांबद्दल एक राहिलंच. आठ थ्रेड चार कोअरवरचे असतील तर उरलेले ५१ टक्के म्हणजे अजून तेवढंच काम होईल असं नाही, एका कोअरचे दोन थ्रेड एकच सामग्री वाटून घेतात. लॅपटॉप तापून गिगाहर्ट्झ खाली आले असतील तर तेही या टक्क्यांत दिसत नाही. ते टर्बोस्टॅट या कमांडमध्ये बघा.